लाहीचा जमाखर्च

२१ डिसेंबर २०२४ रोजी जैसलमेर येथे वस्तू व सेवा कर परिषदेची ५५वी बैठक झाली. बैठकीपुढे अनेक गंभीर विषय होते. परंतु व्यापारी पेठांतून चर्चा रंगली ती मक्याच्या लाह्यांची, म्हणजेच पॉपकॉर्नची. मीठ-मसाला लावलेल्या लाह्या सुट्या विकल्या तर ५ टक्के, वेष्टनात बांधून त्यावर नाव छापून विकल्या तर १२ टक्के आणि साखरेचा पाक चढवलेल्या कॅरॅमल लाह्यांवर १८ टक्के कर, असा खुलासा त्या वेळी करण्यात आला. दाणा एक आणि कर तीन, यावर पुष्कळ विनोद झाले.

करांचे दर सरकार बदलू शकते. परंतु विनोदाचा भाग सोडला, तर त्या खुलाशामागील तत्त्व आरोग्याच्या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. एकाच दाण्यावर काय चढवले, यावर त्याची जात ठरते. आपले शरीरही हाच हिशेब करते. साधी लाही, तेला-लोण्यात न्हालेली लाही आणि साखरेत घोळलेली लाही या तिन्हींवर ते वेगवेगळी आकारणी करते आणि त्या आकारणीत सवलत नसते. म्हणून 'पॉपकॉर्न चांगले की वाईट?' या घरोघरी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर देता येत नाही. त्यासाठी थोडा जमाखर्च मांडावा लागतो.

परिचित पदार्थाचे नवे रूप

लाही आपल्याला नवी नाही. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला लाह्या-बत्तासे असतात. वहीपूजन करणाऱ्या पेढीवर तर त्यांच्यावाचून पूजेचे ताट पुरे होत नाही. नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या आणि फुटाणे घरोघरी येतात. आयंबिलाच्या ओळीत, जेव्हा तूप, तेल, दूध, दही, साखर-गूळ सारेच वर्ज्य असते, तेव्हा ज्वारीची कोरडी धाणी पुष्कळांना आधार देते. भडभुंज्याच्या भट्टीवर तापलेल्या वाळूत धान्य टाकायचे आणि ते फुलले की चाळून घ्यायचे, ही आपली जुनी पद्धत. तीत तेलाचा थेंबही लागत नाही.

मका मात्र मूळचा अमेरिका खंडातील. पेरू देशाच्या उत्तर किनाऱ्यावरील उत्खननात सुमारे ६७०० वर्षांपूर्वीच्या मक्याचे अवशेष सापडले असून त्या काळीही तेथील लोक मक्याच्या लाह्या करीत असल्याच्या खुणा त्यांत आढळल्या आहेत. अर्थात प्रत्येक मका फुलत नाही. भाजून खायचे कणीस वेगळे आणि लाहीचा मका वेगळा. लाहीच्या दाण्याचे कवच कठीण व घट्ट असते आणि आत पिठूळ भागात १४ टक्क्यांच्या आसपास ओलावा असतो. दाणा तापला की या ओलाव्याची वाफ होते. कवच तिला बाहेर पडू देत नाही. तापमान १८० अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचले आणि आतील दाब वातावरणाच्या सुमारे ९ पट झाला, की कवच फुटते, पिठूळ भाग एकदम फुगतो आणि थंड होऊन तसाच स्थिर होतो. दाण्याचे आकारमान त्यामुळे ३० ते ४० पटींपर्यंत वाढते.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने यातच सारे मर्म आहे. दाणा वजनाने विकत घेतला जातो आणि लाही मापाने विकली जाते. चित्रपटगृहातील भल्या मोठ्या डब्यात पैसे मोजून घेतलेली वस्तू बहुतांशी हवा असते. हीच हवा ग्राहकाच्या खिशाला महाग पडते. परंतु पोटाच्या दृष्टीने पाहिले तर तीच लाहीचा मोठा गुण ठरते.

शंभर ग्रॅमचा ताळेबंद

कोरड्या उष्णतेवर, तेलाशिवाय फुलवलेल्या १०० ग्रॅम मक्याच्या लाह्यांत सुमारे ३८७ कॅलरी, १३ ग्रॅम प्रथिने, साडेचार ग्रॅम स्निग्धांश, ७८ ग्रॅम कर्बोदके आणि त्या कर्बोदकांपैकीच सुमारे साडेचौदा ग्रॅम तंतुमय भाग असतो. मॅग्नेशियम १४० मिलिग्रॅमच्या पुढे आणि लोह ३ मिलिग्रॅमच्या आसपास असते. मात्र धान्यातील सर्व लोह शरीराला मिळत नाही, हे ध्यानात ठेवावे.

३८७ कॅलरी हा आकडा वाचून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. लाही वजनाला हलकी, म्हणून तिच्यात काहीच नसते, असा समज आहे. तो चुकीचा आहे. वजनाला वजन लावले तर लाही हे अखेर धान्यच आहे. तळलेल्या शेवेत वा फरसाणात १०० ग्रॅमला साधारण ५०० ते ६०० कॅलरी असतात. म्हणजे अंतर आहे. पण लोक मानतात तेवढे नाही.

खरा फरक दिसतो तो ताटलीत. ३० ग्रॅम शेव म्हणजे जेमतेम एक मूठ. तिच्यात १६० कॅलरींच्या घरात ऊर्जा आणि सुमारे १० ग्रॅम तेल असते आणि ती बोलता-बोलता संपते. ३० ग्रॅम कोरड्या लाह्यांनी मात्र जवळजवळ एक लिटरचे पातेले भरते. त्यात सुमारे ११६ कॅलरी, दीड ग्रॅमहून कमी स्निग्धांश आणि ४ ग्रॅमहून अधिक तंतू असतात. त्या चावाव्या लागतात, संपवायला वेळ लागतो आणि पोटाला भरल्याची जाणीव होते. प्रौढ माणसाने दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतुमय पदार्थ घ्यावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितले आहे. त्याचा सुमारे सहावा हिस्सा या एका पातेल्यातून मिळतो. मैद्याची बिस्किटे, खारी वा टोस्ट यांतून तो तेवढा मिळत नाही, कारण मैदा करताना कोंडा वेगळा काढलेला असतो. लाहीत कवचासह संपूर्ण दाणा पोटात जातो.

२०१२ साली अमेरिकेतील स्क्रॅन्टन विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ जो व्हिन्सन यांनी लाहीच्या कवचात पॉलिफेनॉल नावाची ऑक्सिडीकरणरोधक द्रव्ये चांगल्या प्रमाणात असल्याचे मांडले. दातांत अडकणारा तो तपकिरी पापुद्राच पोषणाच्या दृष्टीने मोलाचा, असे त्यांचे म्हणणे होते. त्यानंतर 'लाही फळांहून श्रेष्ठ' असा प्रचार झाला. तो मात्र खरा मानू नये. फळांतील क जीवनसत्त्व लाहीत नाही. कॅल्शियम नगण्य आणि ब-१२ शून्य. शाकाहारी कुटुंबांत ज्या गोष्टींची उणीव अधिक जाणवते, ती लाही भरून काढीत नाही. शिवाय मक्याच्या प्रथिनांत लायसिन आणि ट्रिप्टोफॅन ही आवश्यक अमिनो आम्ले कमी असतात. हरभऱ्यात लायसिन भरपूर असते. लाह्यांबरोबर फुटाणे देण्याची आपली जुनी पद्धत म्हणूनच शास्त्राच्या कसोटीलाही उतरते. दोन वाट्या लाह्यांत मूठभर फुटाणे मिसळले की प्रथिनांचा दर्जा आणि प्रमाण दोन्ही सुधारतात.

शिकागोची कढई

दाणा असा गुणी असताना त्याची अपकीर्ती का झाली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १८९३ साली शिकागो येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने सर्वधर्म परिषद झाली आणि तीत महुव्याचे वीरचंद राघवजी गांधी यांनी जैन धर्माची बाजू समर्थपणे मांडली, हे समाजातील पुष्कळांना ठाऊक आहे. त्याच प्रदर्शनात चार्ल्स क्रेटर्स या उद्योजकाने वाफेवर चालणारे लाह्यांचे फिरते यंत्र लोकांपुढे आणले. आज चित्रपटगृहांत दिसणाऱ्या यंत्रांचा तो पूर्वज. त्या यंत्राची विशेषता अशी, की त्यात लाह्या कोरड्या न फुलवता थेट स्निग्ध पदार्थात, मिठासह फुलवल्या जात. आणि तो पदार्थ म्हणजे कढवलेले लोणी व डुकराची चरबी यांचे मिश्रण होते.

भडभुंज्याची वाळू आणि शिकागोची कढई यांतील हा फरक आहे. दाणा तोच, पण तो ज्यात पडला त्याने त्याचा धर्मही बदलला आणि गुणही. पुढे १९२९ नंतरच्या महामंदीत स्वस्त खाऊ म्हणून आणि दुसऱ्या महायुद्धात साखरेची टंचाई झाली म्हणून अमेरिकेतील चित्रपटगृहांत लाह्यांनी जम बसवला. तीच रीत आज आपल्या बहुपडदा चित्रपटगृहांत आली आहे.

तेलात फुलवलेल्या लाह्यांत १०० ग्रॅमला सुमारे ५०० कॅलरी आणि २८ ग्रॅम स्निग्धांश असतो. म्हणजे कॅलरींच्या हिशेबाने त्या शेव-फरसाणाच्या पंगतीला येऊन बसतात. कॅरॅमल लाह्यांत वजनाच्या निम्म्याच्या आसपास साखर असते. रोजच्या आहारात बाहेरून येणारी साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत असावी, असे जागतिक आरोग्य संघटना सुचवते. कॅरॅमल लाह्यांचा ५० ग्रॅमचा एक पुडा ती मर्यादा एकट्याने गाठतो. मीठ दिवसाला ५ ग्रॅमहून कमी असावे, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. लाहीचा पृष्ठभाग मोठा आणि खडबडीत असल्यामुळे मीठ तिला भरपूर चिकटते. रक्तदाब असलेल्या मंडळींनी हे विसरू नये.

वेष्टनावरील बारीक अक्षरे

कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी बारीक अक्षरे वाचावीत, हा सल्ला व्यापारी घरांत लहानपणापासून दिला जातो. तोच नियम खाऊच्या पुड्यालाही लावावा. हिरवे चिन्ह पाहून पुडा शाकाहारी आहे एवढे कळते. त्यात कांदा-लसणाची पूड आहे की नाही, हे ते चिन्ह सांगत नाही. चीज, 'टँगी', 'मसाला' अशा नावांच्या चवींमध्ये ही पूड हमखास आढळते. तिचा उल्लेख घटकांच्या यादीत असतो आणि ती यादी पुड्याच्या मागे, बहुधा घडीत असते. चित्रपटगृहात तर पुडाच नसतो. तेथे चवीची भुकटी वरून शिंपडली जाते. नियम पाळणाऱ्यांनी तेथे साधी, मीठ लावलेली लाही मागावी आणि कोणत्या तेलात वा लोण्यात केली, हे संकोच न बाळगता विचारावे.

यादीत घटकांचा क्रम वजनाच्या उतरत्या भांजणीने असतो. मक्यानंतर लगेच तेलाचे वा साखरेचे नाव आले, तर तो पुडा कोणत्या जातीचा हे समजावे. सूक्ष्मलहरी भट्टीत ठेवायच्या तयार पाकिटांबाबत अधिक सावध असावे. लोण्याचा वास आणण्यासाठी पूर्वी त्यांत डायअॅसिटिल नावाचे द्रव्य वापरीत. ते सतत हुंगावे लागल्याने अमेरिकेतील कारखान्यांच्या कामगारांना फुप्फुसांचा गंभीर विकार झाल्याचे २००० सालानंतर उघड झाले आणि मोठ्या उत्पादकांना ते द्रव्य सोडावे लागले. पाकिटाच्या आतील तेलरोधक थरात वापरली जाणारी, निसर्गात सहज नष्ट न होणारी फ्लोरिनयुक्त रसायनेही अमेरिकेत या कामासाठी आता विकली जात नाहीत, असे तेथील अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केले. पातेले आणि झाकण घरात असताना या पाकिटाची गरज किती, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

दुकानातील चार ते सहा

व्यापारी कुटुंबासाठी हा प्रश्न केवळ करमणुकीच्या खाण्याचा नाही. कोणत्याही पेठेतील दुकान डोळ्यांसमोर आणावे. सकाळी दहापासून गादीवर बसलेल्या मालकाला चारच्या सुमारास भूक लागते. समोरून गरम कचोरी येते, फरसाणाचा पुडा फुटतो, चहा दोनदा होतो. सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा ज्यांचा नियम आहे, त्यांचा डबा साडेपाचला येतो. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. तोवर पोट तेलकट खाण्याने जड झालेले असते. डब्यातील भाजी-पोळी अर्धी परत जाते आणि रात्री काही घ्यायचे नसते. अशा प्रकारे चारचा 'थोडासा' खाऊच त्या माणसाचे रात्रीचे जेवण होऊन बसतो. वर्षातून एखाद्या दिवशी असे झाले तर बिघडत नाही. रोज झाले, तर पन्नाशीच्या आत साखर, रक्तदाब आणि वजन यांची खाती उघडतात. बैठ्या व्यवसायात ती बंद करणे कठीण असते.

येथे साधी लाही उपयोगी पडते. चार वाजता दोन वाट्या लाह्या, त्यात मूठभर फुटाणे, एवढे घेतले तर तोंड चालते, भूक शमते आणि साडेपाचचा डबा पूर्ण खाल्ला जातो. लाहीचे काम एवढेच आहे. तिने जेवणाची जागा घेऊ नये. जेवणाची जागा बळकावणाऱ्या तळणाला तिने बाजूला सारावे. पोट भरले असे वाटत असतानाही प्रत्यक्षात कमी खाल्लेले असणे, हा लाहीचा गुण ऊणोदरीचा अभ्यास करणाऱ्यालाही सोयीचा आहे. मात्र पातेले समोर ठेवून मोजमाप न करता खात राहिल्यास त्याच गुणाचा दोष होतो.

घरची लाही

कृती सोपी आहे, पण दोन-तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली गोष्ट दाण्यांच्या साठवणुकीची. वर्षाचे धान्य उन्हात वाळवून भरण्याची आपली सवय येथे उलटते. लाहीच्या मक्याला ऊन दाखवले की आतला ओलावा उडतो आणि दाणे फुलेनासे होतात. दाणे निवडून, घट्ट झाकणाच्या बरणीत, सावलीत ठेवावेत. एका वेळी महिना-दोन महिन्यांपुरतेच आणावेत.

जाड बुडाच्या पातेल्यात चहाचा एक चमचा तेल वा तूप घालून तीन-चार दाणे टाकावेत. ते फुटले की तापमान योग्य झाले असे समजून ५० ग्रॅम दाणे एका थरात पसरावेत, झाकण किंचित तिरपे ठेवावे, म्हणजे वाफ बाहेर पडून लाही कुरकुरीत राहते. आच मध्यम असावी आणि पातेले अधूनमधून हलवावे. फुटण्याचे आवाज दोन-दोन सेकंदांच्या अंतराने येऊ लागले की आच बंद करावी. शेवटचा दाणा फुटण्याची वाट पाहणाऱ्याच्या लाह्या करपतात. एक चमचा तेल म्हणजे सुमारे ४५ कॅलरी. दोघांत वाटल्यास ते भार होत नाही. मीठ चिमूटभर, त्याबरोबर जिरेपूड, मिरपूड वा आमचूर घातल्यास मिठाची उणीव भासत नाही. आयंबिलासारख्या व्रतात मात्र आपापल्या परंपरेतील नियम पाहूनच काय घ्यावे ते ठरवावे.

कोणी जपावे

चार वर्षांखालील मुलांना लाह्या देऊ नयेत. हलकी, वेडीवाकडी लाही वा न फुटलेला दाणा श्वासनलिकेत अडकू शकतो. बालरोगतज्ज्ञांचा हा इशारा गंभीरपणे घ्यावा. मोठ्या मुलांनीही बसूनच खावे, खेळताना नाही. कवळी असणाऱ्यांनी वा दात कमकुवत झालेल्यांनी तळाशी राहिलेले न फुटलेले दाणे काढून टाकावेत. मधुमेह असलेल्यांनी लाही म्हणजे धान्यच आहे, हे लक्षात ठेवून ती पोळी-भाताच्या हिशेबात धरावी. वरकड म्हणून नव्हे. मोठ्या आतड्यात पिशव्या झालेल्या रुग्णांना पूर्वी मका व लाह्या वर्ज्य सांगत. परंतु २००८ साली अमेरिकेत ४७ हजारांहून अधिक पुरुषांच्या १८ वर्षांच्या निरीक्षणातून त्या भीतीला आधार मिळाला नाही. तरीही ज्यांना त्रास आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांचा शब्द प्रमाण मानावा.

एवढ्या जमाखर्चानंतर शिल्लक काय राहते, ते सांगणे सोपे आहे. साधी लाही नित्य चालेल, तेला-लोण्याची कधीतरी, साखरेची सणासुदीला आणि तीही वाटून. घरात बरणीभर दाणे आणि डबाभर फुटाणे असले, तर चार वाजता दुकानात काय पाठवायचे हा प्रश्न उरत नाही. दुकानाचा डबा भरणाऱ्या गृहिणीने उद्यापासून त्यात कागदी पिशवीभर लाह्या ठेवून पाहाव्यात आणि महिनाभराने परत येणाऱ्या डब्यात पोळ्या किती उरतात, तेवढे मोजावे.